बदकांचा टाय

रोझविटा एसर सतरा वर्षांची असल्यापासून अख्ख्या निपेसला हसवत होती आणि निपेसला त्याचा पत्ताच नव्हता.

निपेस म्हणजे कोलोन शहरातली एक वस्ती, आणि तिथल्या कार्निव्हल मंडळात भाषणं करायचे पुरुषच. पिंपात उभं राहायचं, डोक्यावर घुंगरांची टोपी घालायची, आणि महापौरापासून स्वतःच्या सासूपर्यंत सगळ्यांची रेवडी उडवायची. त्यात सगळ्यात जास्त टाळ्या मिळायच्या यूप खाटकाला. आता यूपला आयुष्यात एकही विनोद सुचलेला नव्हता, त्याला फक्त सॉसेज सुचायचे. भाषण लिहायची रोझविटा. यूप पिंपात उभा राहून ते घडाघडा म्हणायचा, सगळा हॉल टेबलं बडवायचा, आणि ही बाहेर कोटांच्या खोलीत बसायची, कारण मंचाजवळ मंडळाच्या सभासदांनाच जागा आणि सभासद फक्त पुरुष. ओल्या कोटांच्या रांगेतून तिला ते हसणं ऐकू यायचं, दबलेलं, लोकरीत गुंडाळलेलं. तरी तिला प्रत्येक वाक्य कळायचं. आता सासू आली. आता महापौर पडला. आता थांबतील, श्वास घेतील, आणि परत फुटतील. फुटायचेच! मग ती कोटांमध्ये तोंड खुपसून एकटीच नाचायची.

बदल्यात यूप तिला सॉसेजची माळ द्यायचा. त्याच्या दृष्टीनं ते फारच मोठं मानधन होतं.

मग खासगी टीव्ही आला. कोलोनमध्ये दर महिन्याला एक नवीन वाहिनी निघायला लागली आणि सगळ्यांनाच विनोद हवे होते, ताबडतोब, ढिगानं. रोझविटानं 'गुरुवार क्लब' नावाच्या कार्यक्रमाला पाकीटभर विनोद पाठवले. तिथला मुख्य लेखक हार्टविग लोहमान. त्यानं तिला बोलावलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "एसरबाई, तुम्ही काही विनोदी वाटत नाही हो."

"तुम्हीपण नाही वाटत," ती म्हणाली. "पण तुम्हाला खुर्ची मिळालीय."

लोहमान हसला नाही. तो कशालाच हसायचा नाही, हाम्बुर्गचा होता. पण त्यानं तिला घेतलं, कार्निव्हलपर्यंत तात्पुरतं. पहिल्याच दिवशी तिला कॉफीच्या मशीनजवळची खुर्ची दिली आणि भिंतीवरची पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं: टाय नाही, विनोद नाही.

त्याचं असं होतं. पूर्वी त्या खोलीत सगळे लेखक एकाच वेळी ओरडायचे. एकदा तर विनोदाच्या मालकीवरून एकानं दुसऱ्याचा टाइपरायटर खिडकीतून खाली टाकला होता. म्हणून लोहमाननं शिस्त आणली. विमानतळावरून एक टाय विकत घेतला, मरून रंगाचा, त्यावर पिवळी बदकं. वर बारीक बारीक आणि खाली टोकाला एकच मोठं, चोच उघडलेलं. नियम असा, की सभा चालू असताना ज्याच्या गळ्यात टाय तोच बोलणार. बाकीच्यांनी हसायचं किंवा गप्प बसायचं. लोक हसले तर टाय तुझ्याकडेच, अजून बोल. नाही हसले तर काढ आणि डावीकडच्याला दे. सभा संपली हेसुद्धा टाय घालूनच जाहीर करायचं. आणि हे सगळं बाप्ये लोक इतक्या गंभीरपणे पाळायचे, की बाहेरून कुणी काचेतून बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं कुणीतरी वारलंय.

टाय लोहमानकडून निघायचा, मग उवे, मग आणखी चारपाच जण, मग गेरेऑन, मग रोझविटा, आणि मग परत लोहमान. म्हणजे रोझविटाचा नंबर यायलाच हवा होता, बरोबर?

नाही आला. कधीच नाही. आणि गंमत म्हणजे त्याला जबाबदार तीच होती.

गेरेऑन म्हणजे साधाभोळा, कोलोनचाच, गोलगरगरीत चेहऱ्याचा. गळ्यात टाय आला की त्याला घाम फुटायचा. पहिल्याच आठवड्यात तो टाय घालून नुसताच बसला होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, आणि रोझविटाला एक विनोद सुचला. आता सुचलेला विनोद आत ठेवायचा म्हणजे शिंक आत ठेवायची, डोळे बाहेर येतात. बोलायला तर बंदी. पण कुजबुजण्याबद्दल पाटीवर काहीच नव्हतं. ती वाकली आणि गेरेऑनच्या कानात बोलली. बाकीच्यांना वाटलं विचारतेय, साखर किती? गेरेऑननं तो विनोद मोठ्यानं म्हटला. खोली हसली. टाय गेरेऑनकडेच राहिला. तिनं दुसरा सांगितला. परत हसले. आणि असं करत करत जेवणाची वेळ झाली.

झालं. तेव्हापासून रोज तेच. ती जितकं चांगलं कुजबुजायची तितका टाय गेरेऑनच्या गळ्यात घट्ट बसायचा.

"अगं, नको सांगूस मला!" गेरेऑन जिन्यात तिच्या पाया पडायचा बाकी होता. "तू नाही सांगितलंस की मी पडेन, मी पडलो की तुझा नंबर!"

"मला पण कळतं रे. पण सुचलं की राहवत नाही."

एकदा तिनं दात आवळून धरले. खरंच. गेरेऑन बोलला, कुणी हसलं नाही, त्यानं आनंदानं टाय काढून तिच्यापुढे धरला. आणि लोहमाननं मध्ये हात घालून तो उचलला, गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "एसरबाईंना कशाला त्रास, बायकांच्या गळ्यात कुठे शोभतो टाय. चला, कॉफी!" मशीन तिच्या पाठीमागेच होतं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिनं कॉफी केली. रडू आलं होतं, पण मशीनची वाफ इतकी यायची की कुणाला कळलं नाही.

आणि मग कार्निव्हलच्या आठवड्यात लोहमाननं तिला बाजूला घेतलं. तो दुष्ट नव्हता हो, तेच तर. दुष्ट असता तर सोपं झालं असतं.

"एसरबाई, इतक्या दिवसांत टाय घालून तुम्ही एकही विनोद सांगितला नाही. मी काय करू? नियम म्हणजे नियम."

"पण टाय माझ्यापर्यंत येतच नाही, लोहमानसाहेब."

"गेरेऑन किती चांगला आहे बघा. त्याच्याकडून शिका."

तिला वाटलं, आता इथेच खाली बसावं आणि जमिनीला डोकं आपटावं.

"गुरुवारपर्यंत," लोहमान म्हणाला. "गुरुवारी लाइव्ह आहे. तोपर्यंत टाय घालून एक विनोद सांगा. अख्खी खोली हसली पाहिजे. हसली तर नोकरी पक्की आणि शेवटी जी नावं सरकतात ना पडद्यावर, त्यात तुमचं नाव. नाहीतर..." त्यानं हात हवेत उडवला. नाहीतर म्हणजे आईचं दुकान.

आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँटची उंची कमी करणं, झिप बदलणं, आणि जानेवारीपासून विदूषकांचे पोशाख. आईची एक गोधडी होती, सगळ्या निपेसमध्ये प्रसिद्ध. ती होती टायच्या टोकांची. कार्निव्हलच्या गुरुवारी कोलोनच्या बायका कात्र्या घेऊन निघतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात, त्यात नवीन काही नाही. पण आई ते वर्षानुवर्षं नेमानं करत होती. तिच्या गोधडीत दोन बँक मॅनेजर होते, एक पाद्री होता, तीन शाळामास्तर होते आणि रोझविटाचे बाबा होते. बाबांचं टोक मध्यभागी. तसंच तर जमलं होतं त्यांचं.

"मी दुकानात येणार बहुतेक," गुरुवारी सकाळी रोझविटा म्हणाली.

आईनं टाके घालत वर न बघता विचारलं, "कात्री घेतलीस का?"

"आई, माझी नोकरी चाललीय!"

"ते ऐकलं मी. कात्री घेतलीस का? कागदाची नको नेऊस, रेशमावर घसरते. ही ने." आणि तिनं आपली कापडाची मोठी कात्री दिली, जी ती कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. "आणि कापल्यावर मुका द्यायचा हं गालावर. नाहीतर ती चोरी होते."

ऑफिसात त्या दिवशी टाय घातलेला एकही कोलोनकर नव्हता. उवे मुलाचा स्वेटर घालून आला होता. गेरेऑनच्या शर्टाला कॉलरच नव्हती. लोहमान एकटा बदकांचा टाय घालून ताठ बसला होता. दर वर्षी या दिवसांत तो रजा काढून हाम्बुर्गला पळायचा, या वर्षी लाइव्हमुळे अडकला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की. पण त्याला वाटायचं हे असलं पोस्टमनच्या वगैरे बाबतीत होतं. वाहिनीच्या मुख्य लेखकाला कोण हात लावणार?

कार्यक्रमात चार मिनिटांचं भोक पडलं होतं. शेवटचा प्रवेश कुणालाच सुचत नव्हता. टाय फिरत होता, कुणी हसत नव्हतं, भरभर फिरत फिरत गेरेऑनपर्यंत आला. आणि रोझविटा गप्प बसली. ओठ चावून, टेबलाची कड घट्ट धरून. गेरेऑन पडला. देवा, किती सुंदर पडला! त्यानं टाय काढला, तिच्याकडे सरकवला, तिची बोटं बदकाला लागलीसुद्धा, आणि लोहमाननं ओढून घेतला.

"आज नाही हो, एसरबाई. आज घाई आहे." आणि गाठ मारली.

तेवढ्यात घड्याळात अकरा वाजून अकरा मिनिटं झाली, टाय कापायची ठरलेली वेळ, आणि कॉरिडॉरमध्ये आरडाओरडा सुरू झाला. मेकअपच्या बायका! हिशेबाच्या बायका! कँटीनमधल्या दोघी, हातात मटण कापायची कात्री! दार धाडकन उघडलं आणि सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली, कारण अख्ख्या मजल्यावर कापण्यासारखा टाय एकच होता.

रोझविटाच्या डोक्यात काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. तिला फक्त एवढं दिसलं, की आता टोक कँटीनमध्ये जाणार, नाहीतर हिशेबखात्यात खिळ्याला टांगलं जाणार, आणि मग संपलंच. ती खुर्चीवरून उठलीच नाही, ती झेपावली. आईची कात्री. खर्रर्र! मोठं बदक तिच्या हातात.

बाकीच्या कात्र्या खाली आल्या.

तिनं लोहमानच्या गालावर मुका दिला. मेकअपच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, "आपलीच निघाली गं!" म्हणाल्या आणि वरच्या मजल्यावर गेल्या. दार बंद झालं.

लोहमाननं गळ्याशी हात नेला. गाठ होती. गाठीखाली बोटभर चिंधी. त्यानं तोंड उघडलं, आणि उवेनं टेबलावर हात आपटून पाटीकडे बोट दाखवलं. टाय नाही, विनोद नाही. लोहमाननं चिंधी धरून दाखवली, हा बघा टाय! उवेनं मान हलवली. आपल्या गळ्यापासून बेंबीपर्यंत हात नेऊन दाखवलं, टाय एवढा असतो. लोहमान लाल झाला. सभा चालू होती. संपवायची तर बोलायला हवं, आणि बोलायला टाय हवा. नियम त्याचाच होता, इतकी वर्षं त्यानंच मारून मुटकून पाळायला लावला होता, आणि तो मोडणारा पहिला माणूस व्हायची त्याची छाती होईना.

मग खाणाखुणा सुरू झाल्या. आठ मोठी माणसं, सगळी लग्न झालेली, हवेत हात फिरवत होती. कुणीतरी वाहिनीच्या वकिलाला बोलावून आणलं, आता हाच निकाल देईल. वकील आला, पाटी वाचली, चिंधी बघितली, टोक बघितलं, घसा खाकरला. आणि सगळ्यांनी त्याच्या उघड्या कॉलरकडे बोट दाखवलं. तोही कोलोनचाच, टाय घरी ठेवून आलेला. बिचारा तसाच उभा राहिला तोंड वासून. मग त्यानं खांदे उडवले, रोझविटाच्या हातातल्या बदकाकडे बोट केलं, वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. ज्या बाईनं कापलं तिचं टोक, याला कोलोनमध्ये वकील लागत नाही.

रोझविटानं बाहीतली टाचणी काढली, शिंपिणीच्या पोरीकडे असतेच, आणि बदक आपल्या कॉलरला लावलं.

सगळे बघायला लागले.

आणि तिला काहीही सुचेना.

आठ चेहरे समोर. असं कधी झालंच नव्हतं! नेहमी मध्ये कोट असायचे, नाहीतर गेरेऑन. तिनं एक विनोद सांगितला, घरी घोकून ठेवलेला. तो असा बाहेर पडला जशी स्टेशनवर गाडी उशिरा येतेय म्हणून सांगतात. कुणी हसलं नाही. रडूच यायला लागलं. नियमानं आता टाय डावीकडे. लोहमाननं हात पुढे केलाच होता, तळवा वर, गळ्यात ती चिंधी.

आणि तो हात बघून तिला सुचलं. सवयच ती, ती गेरेऑनकडे वाकली.

"बघ ना," ती कुजबुजली, "कसा हात पसरलाय. कॅथेड्रलच्या दारात उभा राहिला तर दुपारच्या जेवणाचं सुटेल. गळपट्टा तर आहेच, आता नुसतं कुत्रं पाहिजे."

गेरेऑन फुटला. टेबलावर डोकं ठेवून, खांदे गदागदा, डोळ्यांतून पाणी. सगळ्यांनी भुवया उंचावल्या, काय? काय म्हणाली? गेरेऑननं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या गळ्यात टाय कुठे होता!

उवेला राहवेना. तो खुर्ची सोडून आला आणि कान तिच्या तोंडाशी धरला. ती त्याला म्हणाली, "तुमच्या स्वेटरवर 'मी तीन वर्षांचा' लिहिलंय. सगळ्यांना वाटतंय हुशार आहे हो वयाच्या मानानं." उवे जो हसला तो खालीच बसला. मग तिसरा आला. मग चौथा. अख्खी खोली रांगेत उभी राहिली, चर्चमध्ये कन्फेशनला उभे राहतात तशी, आणि ती एकेकाच्या कानात एकेक सोडत होती, आणि पुढचा हसून पडला की मागचा जीव टाकत होता, मला काय सांगणार, मला काय सांगणार! मोठ्यानं तिला जे जमलं नाही ते कानात इतकं सरसर येत होतं की तिलाच आवरेना. आणि मध्ये एकही कोट नव्हता. हसणं सरळ तोंडावर येत होतं, गरम, कॉफीच्या वासाचं.

शेवटी लोहमान राहिला. त्यानं गळ्यातली चिंधी सरळ केली. मग वाकला.

आता? खरं सांगायचं की दुसरं काहीतरी गोड? अख्खी खोली हसली पाहिजे, असं तो म्हणाला होता, आणि खोलीत तोही आला. तिनं डोळे मिटले आणि त्याला तोच सांगितला. त्याचाच. हात, कॅथेड्रल, गळपट्टा, कुत्रं.

लोहमान सरळ झाला. चेहरा दगड. रोझविटा मनातल्या मनात आईच्या दुकानात पोचलीसुद्धा, झिप बसवायला लागली. आणि मग लोहमानच्या नाकातून आवाज आला. हं. एकच. हाम्बुर्गच्या माणसानं एवढं करणं म्हणजे इकडच्यानं जमिनीवर लोळणं. मग परत एक. हं. मग तो मागे वळला, आणि सगळ्यांनी बघितलं, की तो कॉफीच्या मशीनशी गेलाय आणि कुठलं बटण दाबायचं ते शोधतोय.

"डावीकडचं," रोझविटा म्हणाली. टाय तिच्याकडेच होता.

संध्याकाळी ते चार मिनिटांचं भोक तसंच भरलं. टेबल, आठ पुरुष, एक बाई. बाई एकेकाच्या कानात काहीतरी सांगते, तो हसून पडतो, आणि प्रेक्षकांना एक शब्द ऐकू येत नाही. बाईच्या जागी रोझविटालाच बसवलं, कारण कुठल्या नटीला काय कुजबुजायचं ते माहीत नव्हतं. स्टुडिओतले लोक आधी वैतागले, मग हसायला लागले, मग आरडाओरडा करायला लागले, आम्हाला पण सांगा!

आई बियरच्या हॉटेलात होती, कोपऱ्यातल्या टीव्हीखाली जागा धरून. रोझविटा गर्दीतून ढकलाढकली करत पोचली, धापा टाकत.

"दिसलं का? नाव दिसलं का माझं?"

"तू दिसलीस! केस विंचरायचे होतेस गं."

"नाव, आई! शेवटी!"

आईनं मान खाली घातली. "नावं सरकायला लागली आणि हा मेला तेव्हाच बियर घेऊन आला."

वेटर तिथेच उभा होता, हातात ग्लासांचा गोल ट्रे. "मग पुरे झालं तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची होती! ग्लास रिकामा दिसला की मी आणणारच. आणि मी बघितलं तुमचं नाव."

"खरंच? काय होतं?"

"र वरून काहीतरी. लेखक लोकांत." त्यानं तिच्यापुढेही एक ग्लास आपटला. "मला वाटलं, रोझविटा नावाचा पुरुष कसा असेल."

रोझविटा हसायला लागली आणि थांबेचना. हसता हसता कधी रडायला लागली तिलाच कळलं नाही. आईनं पाठीवरून हात फिरवला आणि फिरवता फिरवता तिच्या कॉलरवरचं बदक चाचपलं.

"छान रेशीम आहे. जागा ठेवलीय गोधडीत, बाबांच्या शेजारी."

"हे नाही मिळणार."

"अगं, गुरुवारचं टोक घरात द्यायचं असतं!"

"बुधवारी कार्निव्हल संपला, चर्चमध्ये कपाळाला राख लावून झाली की परत सभा आहे, आई. मला बोलायचंय."

आईनं डोक्यावरची घुंगरांची टोपी काढली. तिच्यात खोचलेली सुई घेतली, दात लावून दोरा तोडला. "मग दे इकडे. कड तरी दुमडून देते. वेडीवाकडी कापलीयस, दोन दिवसांत उसवेल."